होस्ट्याच्या वड्या

सांगलीहून निघाले त्या सकाळी आईने माझ्या सुटकेसमध्ये अळूचे चार कंद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. कस्टम्समध्ये पकडतील म्हणून नवऱ्याने ते गाडीत बसता बसता काढून तिच्या हातात परत दिले. "तिकडे मिळेल ना गं अळू?" एवढंच तिने विचारलं. मी "मिळेल" म्हणाले. इंग्लंडमधल्या लीड्सबद्दल मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

हॉस्पिटलची नोकरी, मॉर्गेज, एवढंसं बॅक गार्डन, असं सगळं हळूहळू जमलं. शेजारचे अ‍ॅलन सत्तरीचे, एकटे. त्यांची बायको मार्गारेट वारलेली; तिने लावलेल्या होस्ट्याचा, एका शोभेच्या झाडाचा, अर्धा गड्डा त्यांनी मला दिला. रुंद पानं, मध्ये पिवळी, कडेने निळसर हिरवी. फक्त स्लग्जपासून जप, म्हणाले. स्लग्ज म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. पहिल्या हिवाळ्यात झाड मातीत पार नाहीसं झालं. मी मेलं समजून रडले, आणि एप्रिलमध्ये कोंब वर आले. तेव्हापासून शिफ्टला जाण्याआधी मी रोज पानं मोजायचे.

गेल्या जूनमध्ये आई आली. तिसऱ्या दिवशी कामावरून परतले तर घरभर चिंचगुळाचा वास, ताटात वड्या. चार खाल्ल्यावर मी विचारलं, अळू कुठून आणलंस?

"मागे लावलंयस ना. जरा निबर आहे, आणि रंग उडालाय. खत घालत जा."

मागे नुसते देठ उभे होते. होस्टा माणसाला बाधत नाही ना, हे मी आधी फोनवर शोधलं. बाधत नाही. तेवढ्यात अ‍ॅलन कुंपणावरून डोकावले. देठ बघून त्यांचा चेहरा उतरला. स्लग्जना शिव्या घालत ते आत गेले आणि सापळ्यासाठी बिअरचे दोन कॅन घेऊन आमच्या दारात आले. स्लग्ज बिअरच्या वासाने येतात आणि त्यात बुडतात. आमची आई एकादशी करणारी. दारू घेऊन आलेल्या माणसाला हाकलायला तिने पदर खोचला. मग मी तिला सगळं सांगितलं, झाड मुळात कुणाचं तेही.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "गोगलगाय मीच."

मी सांगितलं. अ‍ॅलननी कॅन पायरीवर ठेवले. मग त्यांनी एक वडी मागितली, आणि तीन खाल्ल्या. मार्गारेट असती तर तिने आधी रेसिपी लिहून घेतली असती, म्हणाले.

ऑगस्टपर्यंत थोडी नवी पानं आली.

यंदा मी सांगलीला गेले, तर रोज अ‍ॅलनना मेसेज : पाऊस आहे का, पानं किती. आई मेथी निवडत बघत होती. एका दुपारी तिने विचारलं, "घरी कधी जायचंय तुला?"

विचारल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने मान खाली घालून पुढची जुडी सोडली. मी तारीख सांगितली.