काचेवरचं कुंकू

दत्तारामला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याला मुलं किती, हेही मी कधी विचारलं नाही. थळच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो आणि तो माझ्या खिडकीशी सामान न्यायला यायचा, एवढंच.

तो म्हसळ्याकडचा. उमेदीची सगळी वर्षं लेथवर गेली. पुढे लेथ भंगारात काढलं आणि त्याला संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर घेतलं, तेही दिवाळीपर्यंत बघू म्हणून. नाही जमलं तर घरी.

त्या मशीनच्या आत समोरासमोर दोन आखूड खांब होते. एकातून लेझरचा किरण निघे, दुसऱ्यात पोचे. कापायचं टूल खाली येऊन तो किरण अडवी आणि तेवढ्यावरून मशीनला टूलची लांबी कळे. दत्ताराम ते रोज बघायचा नि रोज घाबरायचा.

खंडेनवमीला त्याने मशीनची पूजा केली. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर मशीन चालेना. किरण अडलाय, एवढंच पडद्यावर.

"नाना, माज्याकडनंच काय आपटलं असंल," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "जरा येता का?"

मला त्यातलं काय कळणार? तरी गेलो. त्याने आत बॅटरी मारली. दोन्ही खांबांच्या काचेवर कुंकवाची बोटं. त्याचीच. मशीनचे डोळे म्हणून लावलेली.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी खिशातला रुमाल पुढे केला.

"नको. काचेला चरा गेला तर?" तो म्हणाला, आणि स्वतःच सुपरवायझर तेजस्वी मॅडमना बोलवायला गेला.

मॅडम वाकून बघतात तो हसायलाच लागल्या. "मामा, डोळेच मिटवलेत की हो त्याचे!"

दत्ताराम हसला नाही. मॅडमनी सुती फडक्याने काचा पुसल्या. पडद्यावर तेच. त्याने माझा दंड धरला, घट्ट. पुन्हा पुसल्या, हलक्या हाताने, कडेपर्यंत. टूल खाली आलं, थांबलं, आणि आकडा उमटला.

"कुंकू पुढच्या वर्षी बाहेर, मशीनच्या दारावर लावा," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे पुढच्या वर्षी मी हाय?"

"नाहीतर पूजा कोण करणार?"

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी तो माझ्याकडून फडका नेऊ लागला. शिमग्यानंतर मी निवृत्त झालो. पुन्हा भेट नाही. त्या शेवटच्या सकाळीही तो आला होता.

"नाना, फडका हाय?"

"सुती देऊ?"

"सुतीच द्या."