उजवीकडून बोला

एक्क्याऐंशीव्या वर्षी ऑपरेटरबाईंच्या उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडले होते. नोकरी संपली तरी गल्लीत नाव तेच राहिलं. ऑपरेशनला त्या लगेच तयार झाल्या. धास्ती होती ती भुलीची. थोरली बहीण खुब्याच्या ऑपरेशननंतर भरकटली, ती तीन आठवडे पोटच्या लेकीला नर्स समजत होती. पुढेही ती पूर्वीसारखी झाली नाही.

"डोकं शाबूत परत देणार असाल, तरच हात लावा," त्यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना बजावलं.

डॉक्टरीणबाईंनी हमी दिली नाही. पण पेशंटला दमा असल्यामुळे पूर्ण भूल त्यांनाही नको होती. पाठीत इंजेक्शन देऊन छातीची उजवी बाजू बधिर करायची आणि शिरेतून गुंगीचं औषध बेताबेताने सोडायचं, असं त्यांनी समजावलं. मधून मधून त्या हाक मारणार, पेशंटने ओ द्यायची. ओ आली नाही, तर गुंगी जास्त झाली असं धरून औषध कमी करायचं. मग त्यांनी विचारलं, ऐकू नीट येतं ना?

"कानांवरच पोट भरलंय माझं."

शेजारी बसलेली मुलगी हसली.

खरं म्हणजे डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजवा अर्धामुर्धा उरला होता. ऑपरेटरबाई ओठ वाचून निभावत. मुलीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. टीव्हीचा आवाज वाढवला, की खापर शेजाऱ्यांच्या मिक्सरवर फोडत.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना टेबलावर घेतलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. पाठीतलं इंजेक्शन झालं, त्यांना उताणं निजवलं. सर्जन उजवीकडे उभे राहिले, डॉक्टरीणबाई डोक्याशी डावीकडे बसल्या. त्यांचा मास्क हलला. शब्द काही आला नाही. ऑपरेटरबाईंनी सवयीने मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंचा हात औषधाच्या पंपाकडे गेला. ऑपरेटरबाईंनी तो मनगटाला धरला.

"थांबा. आत्ता काय विचारलंत ते मला कळलेलं नाही. डावा कान बंद आहे. उजवीकडून बोला, जवळून."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल उचललं आणि त्या उजव्या कानाशी आल्या. सर्जनना हातभर पायांकडे सरकावं लागलं.

"हे परवा सांगायचं होतं."

"परवा मुलगी शेजारी होती."

ऑपरेशन दीड तास चाललं. हाका नऊ झाल्या. आठ वेळा लगेच ओ आली, एक्स्चेंजमधल्यासारखी, "बोला." सहावी हाक दोनदा मारावी लागली, तेव्हा औषध किंचित कमी केलं आणि काम पुढे सुरू राहिलं.

दुपारी मुलीला आत सोडलं. मावशीचं ध्यानात ठेवून ती घाबरतच आली, खाटेच्या डावीकडे उभी राहिली आणि मास्क खाली ओढून तिने विचारलं, "आई, मी कोण?"

ओठांवरून प्रश्न कळला होता. नुसतं उत्तर देऊन भागलं असतं.

"माझी मुलगी," आई म्हणाली, "आणि चुकीच्या बाजूला उभी आहेस. त्या कानाने मला ऐकू येत नाही. इकडून ये."