धुरपता आणि जादूगारांची पुरवणी

ज्या पुस्तकासाठी धुरपतानं अख्खा पावसाळा निकेशचं डोकं खाल्लं, ते पुस्तक घरी आलं आणि तिनं त्याला हात लावला नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. पण आधी धुरपता कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला यात काय विशेष ते कळायचं नाही.

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात नदीकडच्या टोकाला तिचं घर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. शाळा चौथीपर्यंत. तोंड मात्र पदवीधर! मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले आणि याच गावात राहिले. मला उलटून बोलणारी गावात ती एकटीच, म्हणून आमचं जमलं.

तिच्या बहिणीचा मुलगा निकेश घुग्घुसला कोळशाच्या खाणीत शिफ्टवर असतो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, दिव्यानीनं, एक खेळ शोधून काढला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी जादूगार. काय करायचं ते आपण ठरवायचं आणि जमतं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं; आकडा मोठा पडला तर जमलं. निकेशला सुट्टी असली की दोघं मोटरसायकलवर धुरपताकडे यायचे. माणसं कमी पडत होती म्हणून मलाही ओढलं. पोरखेळ आहे, असं मी तोंडावर सांगितलं आणि तरी गेले.

धुरपतानं पहिल्याच दिवशी जादूगारीण घेतली. "तलवार काय, बैल हाकल्यावानी. मले मंतर दे," म्हणाली. तिच्या जादूगारणीला सहा मंत्र होते आणि गोष्टीतल्या एका दिवसात त्यातले तीनच चालत. यावर तिची कायम कुरकुर. मग एकदा निकेशनं मोबाइलवर बघून सांगितलं की फक्त जादूगारांसाठी खेळाच्या पुस्तकाची नवी पुरवणी येते आहे. नव्या जातीचे जादूगार, ढीगभर नवे मंत्र, त्यात जनावरांशी बोलायचाही.

झालं! बाई येडीच झाली.

"निक्या, आलं का रे माझं पुस्तक?"

"मावशे, अजून छापून राह्यले."

"एवढा उशीर? इथी धान निसवून लोंब्या आल्या न् त्यायचं छापणंच होऊन राह्यलं!"

तिला तो जनावरांचा मंत्रच हवा होता. रानडुकराला बांधावर गाठून चार गोष्टी सुनवायच्या आणि वाघाला विचारायचं, "काऊन बा, तुले जंगल पुरत नाई?" खेळातच हं. ते खेळातलं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे स्वतःची बाजू सावरताना गाव म्हणालं की तिला खरं-खोटं कळत नव्हतं.

शेवटी पार्सल निघाल्याचा निरोप आला. त्याच सकाळी शेजारच्या मुखरूची बकरी तिच्या वांग्यांत शिरली. बोअरिंगवर पाणी भरता भरता ही सगळ्या बायांसमोर बोलून गेली, "सांगा मुखरूले, माझे नवे मंतर येऊन राह्यले पार्सलनं. मंग पाह्यतो म्हणा बकरी कशी येते ते!"

बाया हसल्या. त्या आठवड्यात बकरी मेली. पाठोपाठ मुखरूची सून तापानं फणफणली आणि बरळायला लागली. मुखरूनं दवाखाना नाही, अंगारे-धुपारे करणारा पुजारी आणला. त्यानं सुपातले तांदूळ बघितले आणि म्हणाला, नदीकडच्या घरातली बाई. नाव घेतलं नाही. कशाला घेईल? त्या टोकाला दुसरं घरच नाही.

मला कळेपर्यंत देवळासमोर अख्खं गाव जमलं होतं. मी धावत पोहोचले तेव्हा धुरपता मधोमध उभी आणि मुखरू तिला विचारत होता, "तुह्याकडे मंतर हायेत का नाई?"

"हायेत ना," ती म्हणाली.

अगं बये!

"किती?"

"सहा. पण दिवसाले तीनच चालते."

कोणीतरी बाई किंचाळली. धुरपता गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. तिला वाटलं होतं, हे खेळाचं विचारताहेत. महिनोन् महिने गावात ज्याला त्याला ती त्या खेळाचंच तर सांगत होती, आणि तिला आजवर कोणी इतकं लक्ष देऊन विचारलं नव्हतं! "थो निकेशचा खेळ हाये ना भाऊ, फाशाचा," ती म्हणाली. पण कोणी ऐकायला तयार नव्हतं. मुखरूच्या भावानं तिचा बुचडा धरला आणि तिला ओढलं. ती गुडघ्यांवर पडली. समोर माझे किती विद्यार्थी उभे होते! एकानंही पाय उचलला नाही. वर्गात समीकरण सुटलं नाही तर रडणारी पोरं ही. आता काठ्या घेऊन उभी.

मी काय ओरडले ते सगळं आठवत नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, एकेकाचं नाव देईन, नावं मला पाठ आहेत, हजेरी मीच घ्यायची, असं काहीतरी. पोलीस पाटील देवराव उशिरा का होईना, आला आणि त्यानं तो हात सोडवला. मी मुखरूला म्हटलं, "सून मरेल तुझी! गाडी काढ." देवरावनंच सुनेला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. आठवड्यात ती पोरगी उठून बसली.

धुरपताची माफी कोणी मागितली? कोणी नाही. पोलिसांत तक्रार देऊ म्हटलं तर तीच नको म्हणाली.

आणि मग ते पुस्तक आलं. जाडजूड, रंगीत. निकेशनं तिच्या पुढ्यात ठेवलं. पूर्वी त्याच्या पुस्तकांना हात लावायचा तर ती आधी हात धुऊन यायची. आता तिनं पाय आखडून घेतले.

"मले नको. तलवारवाला शिपाई दे."

"मावशे, जनावरांशी बोलाचा मंतर हाये यात!"

"असू दे."

माझं डोकं फिरलं. "त्या मूर्खांना घाबरून तू..."

"बाई," ती शांतपणे म्हणाली, "तुमी मंग आपल्या घरी जाता. निक्या घुग्घुसले जाते. इथी मले एकटीलेच रायचं हाये."

मी पुस्तक उचलून निकेशकडे दिलं.

निकेशनं तिला शिपाई दिला. मग नवी गोष्ट वाचायला घेतली. त्याच पुस्तकात तयार आलेली, आधी वाचायचे कष्ट त्यानं घेतले नव्हते. डोंगराखालच्या गावात रोगराई पसरली आहे. गावकरी म्हणतात, रानातल्या झोपडीतल्या म्हातारीनं केलं. तिला पकडून आणणाऱ्या वीरांना गाव... इथं तो भराभर पुढची पानं चाळायला लागला. दिव्यानीनं पुस्तक ओढून मिटायला हात पुढे केला.

"वाच ना," धुरपता म्हणाली. "काऊन थांबला?"

"मावशे, दुसरी गोष्ट घेऊ."

"नाई. माझा शिपाई कुठी हाये आता?"

"गावात. लोकायसंग."

"मंग थो मोहरं जाते न् म्हातारीच्या दाराशी उभा रायते. तोंड गावाकडे करून." तिनं पदर खोचला. "आता म्हण त्यायले, या."

निकेश म्हणाला, यासाठी फासा टाकायची गरज नाही, असंच धरू.

"काऊन? सगळे टाकते, मी बी टाकीन."

तिनं फासा टाकला. आम्ही वाकून बघितलं. वीसपैकी तीन पडले होते. लढाईत याहून वाईट क्वचितच पडतं. निकेशचा चेहरा उतरला.

धुरपतानं आकडा बघितला आणि फासा उचलून त्याच्याकडे सरकवला.

"मार खाईन थो," ती म्हणाली. "पण हटत नाई. लिहून घे."