सहलीला न गेलेली संचालिका

दूध संस्थेच्या दोन्ही गटांना झुलवून संयोगिता चार दिवस गोव्यात जाऊन बसली, अशी गावात कुजबुज होती. तीही अगदी तपशिलासकट. हॉटेलला म्हणे पोहायचा तलाव होता. तलाव बहुधा मीच घातला, आता नक्की आठवत नाही.

कागलजवळचं आमचं गाव. संयोगिता ही गणपतरावांची थोरली सून. वय चोवीस, दारात तीन म्हशी, नवरा ऋतुराज एमआयडीसीत पाळीवर. राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ची दोन वर्षं माहेरी झाली, तिसरं सासरी आलं. पहाटे धारा, मग भाकरी, मग एसटीनं कोल्हापूर, परत आली की वैरण. एकदा तिची वही डेअरीच्या कट्ट्यावर राहिली. दुसऱ्याची वही उघडायची खोड मला जुनीच. पानोपानी अर्धं वाक्य, आणि पुढं पेनाची नुसती घसरत गेलेली रेघ. तासाला तिथं डोळा लागलेला.

त्यात गणपतरावांनी तिला महिला राखीव जागेवर संचालक करून टाकलं. "नुसती सही करायची," म्हणाले. पण संचालक अकरा, पाच-पाचांचे दोन गट, आणि अकरावी ही. आमचा चेअरमन दरसाल निवडला जातो. निवडीआधी आपले संचालक गाडीत घालून सहलीला न्यायचे, मोबाइल काढून घ्यायचे आणि थेट मतदानालाच आणून सोडायचे, ही इथली रीत.

गेल्या वर्षी, गणपतराव ज्यांच्या मागं असतात त्या विजयसिंहांच्या गटानं तिला महाबळेश्वरला नेलं. नेमका तेव्हाच पेपर होता, 'राजकीय पक्ष आणि निवडणुका'. तो बुडाला. पुढं प्रश्नपत्रिका मिळाली, तर पहिलाच प्रश्न निर्भय निवडणुकीवर.

"आला असता की गं तुला," मी म्हटलं.

"व्हय तात्या. दाराबाहेर माणूस बसिवलता, तवाच पाठ झालता."

हसली नाही. हसायलाही अंगात जोर लागतो.

यंदा पेपर आणि निवड पुन्हा एकाच आठवड्यात आले. गणपतरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, या खेपेला सुटला तर सुटला, नाहीतर पुस्तकं माळ्यावर. निवडीच्या चार दिवस आधी विजयसिंह चहाला आले.

"सूनबाई, बॅग भरा. उद्या दुपारी निघायचं हाय."

"माझा पेपर हाय, आबा."

"पेपर काय, दरसाल येतोय की!"

"चेअरमनबी दरसालच येतोय की."

गणपतराव खेकसले, "जायाचं म्हंजे जायाचं!" ती कपबश्या गोळा करून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डेअरीत दूध घातलं, रिकामी किटली आमच्या कट्ट्यावर ठेवली आणि एसटीला हात केला.

"कुठं गं?"

"जाऊन येतो, तात्या. किटली घरला पोचवा तेवढी."

दुपारी बोंब उठली. विजयसिंह म्हणाले, समोरच्यांनी उचलली. समोरचे म्हणाले, ह्यांनीच लपवली. समोरच्यांनी गोव्यात ठेवली असणार म्हणून दोन्हीकडच्या गाड्या तिकडं सुटल्या आणि पणजीत एकाच खाणावळीत समोरासमोर येऊन "बाई कुठाय?" म्हणून भांडल्या. ऋतुराजला विचारावं तर, "मला न्हाय ठावं," एवढंच. एरवी गोठ्यात न फिरकणारा गडी चार दिवस गुमान म्हशी पिळत होता.

मतदानाला दहाच आले, पाच आणि पाच. चिठ्ठी टाकली, तीत विजयसिंहांचा माणूस हरला. संध्याकाळी संयोगिता परत आली आणि पदराला हात पुसत गोठ्यात शिरली. सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनं खुलासा केला नाही, आम्हीही गोवा सोडला नाही. निकालात पेपर सुटला, पंचेचाळीस मार्कांनी. बी.ए. झाली. गणपतरावांनी पेढे आणले ते मात्र आतल्या खोलीत वाटले.

खरं काय ते ऋतुराजनं मला परवा सांगितलं. ती हुपरीला होती, वर्गातल्या अपूर्वाच्या घरी. एक दिवस कोल्हापूरला जाऊन पेपर दिला. बाकीचे तीन दिवस ती झोपली होती.