फुलवंताबाईंची मंदा

बाळाला हात लावण्याआधी फुलवंताबाई आपले तळवे काखेत धरून गरम करायच्या. "थंड्या हातानं घेतलं तं लेकराले वाटते, चुकीच्या घरी आलो," म्हणायच्या. मग स्वतःच हसायच्या, "तसा चुकीच्याच घरी आला म्हना!"

दरेकशाकडच्या डोंगराळ भागात आमचं उपकेंद्र होतं. मी तिथली नर्स, फुलवंताबाई गावच्या आशा सेविका. एकदा एका गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या चुलीमागे टाकलेल्या मला दिसल्या. मी तिच्यावर तडकले, तशी फुलवंताबाईंनी मला दंडाला धरून अंगणात आणलं.

"कायले रागावता तिले? उपाशी पोटी गोळी मळमळते. धानाच्या बांधीत चिखलात उभी राहून थे रोवना करंल का ओकंल?"

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी घरचं भात-वरण घेऊन तिच्याकडे जायच्या. ती जेवली की समोर बसून गोळी द्यायच्या. बाळंतीण सुखरूप सुटली.

त्यांची स्वतःची थोरली मुलगी मंदा. आई तेव्हा मजुरीला जायची, म्हणून धाकट्यांना सांभाळायला तिची शाळा आठवीतच सुटली. अठरा सरताच लग्न झालं, सासर शेजारच्याच गावात. रक्त कायम कमी. सातव्या महिन्यातही ती रोवणीला जायची. फुलवंताबाई माझ्यादेखत तिला रागावल्या.

मंदा शांतपणे म्हणाली, "मी नाई गेली तं माया जागी दुसरी जाते, आई. मंग घरी का शिजवू?"



ग्रामीण रुग्णालयात मंदाला मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. तिथे रक्त नव्हतं. भर दुपारी आम्ही तिला गाडीतून गोंदियाला घेऊन निघालो. फुलवंताबाईंनी लेकीचे पाय आपल्या खांद्यावर उचलून धरले होते. आमगाव ओलांडलं आणि मंदाचा श्वास थांबला. मी सांगितलं, तरी गोंदिया येईपर्यंत त्यांनी ते पाय खाली ठेवले नाहीत.

पुढे मृत्यूच्या चौकशीला एक साहेब आले. त्यांनी विचारलं, "आणायला उशीर काऊन केला?"

"उशीर त्या दिवशी नाई झाला, साहेब," फुलवंताबाई म्हणाल्या. "थे लहान होती, सगळ्याईच्या मांगून जेवत होती, तवाच झाला."

साहेबांनी कागदावर 'रक्तक्षय' लिहिलं.

फुलवंताबाईंनी आशाचं काम सोडलं. नात त्यांच्याकडेच वाढते आहे. गेल्या महिन्यात लसीकरणाला घेऊन आल्या. स्वतः रोड झाल्या होत्या. मी पोरीला काट्यावर ठेवलं. वजन फारच कमी भरलं.

तोंडी सवयीचंच वाक्य आलं, "हिला रोज दूध द्या, अंडं द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही, हसल्या नाहीत. गावातल्या बायका मान खाली घालून आम्हा दोघींना जे म्हणायच्या, तेच त्या म्हणाल्या.

"हो, सिस्टर."

आणि पोरीला पदरात गुंडाळून निघून गेल्या.