टिप्परच्या मागचा माणूस

या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगायचं तर निम्म्याहून अधिक मला पटत नाहीत. माझे वडील यवतमाळच्या कोर्टात कारकून होते. घरात कुणी 'असं ऐकलंय' म्हणालं की ते जेवता जेवता विचारायचे — कुणाकडून ऐकलं, आणि त्यानं तरी स्वतः पाहिलं होतं का? अशा घरात वाढलेली मी. भूत, बाधा, दृष्टांत यांतलं काही कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण हे ऐकलेलं नाही... मी स्वतः पाहिलेलं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला दीड वर्ष. माझे यजमान एका मातीच्या धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते. पुसदहून महागावकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जायचा, त्याच्या टोकाला नाल्यावर बांध घालणं चालू होतं. आमचं क्वार्टर जवळच्या टेकाडावर. तीन खोल्या, वर टिनाचं छप्पर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा बांध समोर दिसायचा, सरळ रेषेत फार तर दीड फर्लांग.

बहुतेक काम माणसं आणि गाढवंच करायची. टिप्पर एकच होता. लांबच्या खदानीतून मुरूम भरून यायचा, बांधाच्या टोकाशी उलटा मागे जायचा, मग हौदा मागच्या बाजूला कलता वर उठायचा आणि सगळा मुरूम धडधडत खाली. ऐकायला सोपं, पण यांना त्याचीच सर्वांत जास्त काळजी. नव्यानं टाकलेली माती वरून घट्ट दिसते, आतून पोकळ असते, असं हे म्हणत. म्हणून यांनी नियम घालून दिले होते. काठाच्या दोन हात आत थांबायचं. हौदा वर असताना गाडी हलवायची नाही. आणि बांधावर माणसं असताना टिप्पर मागे घ्यायचाच नाही. या शेवटच्या नियमामुळे टिप्परच्या बऱ्याच खेपा भर दुपारी, मजूर मोहाच्या झाडांखाली भाकरी खायला बसले की व्हायच्या. तेव्हा बांधावर चिटपाखरूही नसायचं.

टिप्पर चालवायचा थावरा. जवळच्याच बंजारा तांड्यावरचा, वय तिशीच्या आत. खाकी पँट, खाकी शर्ट, डोकं उघडं, केस तेल लावून मागे वळवलेले. ड्रायव्हर असल्याचा त्याला फार अभिमान. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, मी मुरूम वाहून राह्यलो," असं तो हसून सांगायचा. त्याची बायको जमनी त्याच कामावर माती उचलायला यायची.

पौष महिना होता. यांचं जेवण झालं की मी खिडकीशी निवडण-टिपण घेऊन बसायची. तिथून मला तो माणूस पहिल्यांदा दिसला. टिप्पर मागे येऊ लागला की तो काठाशी उभा असायचा. पांढरं धोतर, लाल पागोटं, हातात काठी. चालताना डावा पाय ओढायचा. टिप्पर जवळ आला की उजवा हात वर करायचा, टिप्पर थांबायचा, हौदा उठायचा, आणि धूळ खाली बसेपर्यंत तो पलीकडच्या उतारानं निघून गेलेला असायचा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नवा माणूस ठेवला असेल, एवढंच. चार-पाच दिवस रोज पाहिला.

मग एकदा जेवताना मी यांना म्हटलं, त्या लंगड्या माणसाला भर उन्हात उभं करता, निदान मडकंभर पाणी तरी ठेवा त्याच्याजवळ.

यांचा घास हातातच राहिला. कोण लंगडा माणूस? मी सगळं सांगितलं. हे तापलेच. टिप्परच्या मागे माणूस उभा राहतो आणि मला कुणी सांगत नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी हे साइटवर परत गेले नाहीत. माझ्या शेजारी खिडकीशी येऊन बसले. टिप्पर आला, वळला, मागे येऊ लागला. तो माणूस उतारावरून पाय ओढत वर आला आणि काठाशी थांबला.

"तो बघा," मी म्हटलं.

"कुठे?"

"तो काय... लाल पागोटं. आता हात वर केला."

हे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. यांना टिप्पर दिसत होता, धूळ दिसत होती, बांधाचा काठ दिसत होता. माणूस दिसत नव्हता. मी पुन्हा बाहेर पाहिलं तर तो उतार उतरत होता, अगदी तुम्ही-आम्ही उतरतो तसा. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. लाजल्यासारखं झालं मात्र, जणू मीच काही चुकीचं केलं होतं.

यांनी थावराला विचारलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तो पाणी प्यायच्या निमित्तानं क्वार्टरवर आला. ओट्यावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, माह्या मागं कोन उभं राह्यते म्हून साहेब सांगत होते. मले तं आरशात कोनी दिसत नाई."

मी त्याला टाळायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, म्हणून जे दिसलं ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, "थो मले बलावते का थांबवते?"

"थांबवतो," मी म्हणाले. "हात वर करून."

"मंग चांगला हाये," थावरा म्हणाला आणि लोटी पालथी घालून उठला.

त्या दिवसापासून त्याची पद्धत बदलली. आधी तो आरशात बघून मागे यायचा. आता दार उघडं ठेवून, अर्धं अंग बाहेर काढून, मागे बघत टिप्पर मागे घ्यायचा. मीही नंतर त्या वेळी खिडकीशी बसणं सोडलं. चुकून नजर गेलीच तर तो माणूस असायचा.

होळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, माती वरून सुकलेली. एक दिवस काम बंद ठेवायला हवं होतं, असं हे पुढे जन्मभर म्हणत राहिले. दुपारी टिप्परचा आवाज आला आणि का कोण जाणे, मी खिडकीशी गेले. काठाशी कुणीही नव्हतं. थावरा नियमाप्रमाणे दोन हात आत थांबला. हौदा उठला, पण ओला मुरूम चिकटून बसलेला, खाली पडेचना. सगळं वजन मागच्या चाकांवर आलं आणि त्यांच्या खालची माती निसटली. टिप्पर आधी मागे बसला, मग सावकाश, अगदी सावकाश, काठावरून खाली गेला. इतक्या लांबून आवाजही उशिरा आला.

दार उघडं होतं म्हणून थावराला बाहेर उडी मारता आली. डावा पाय तेवढा दार आणि बांध यांच्या मध्ये सापडला. मजुरांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीत होता. मुरूम ओला होता, मी हौदा उचलायला नको होता, एवढंच तो यांना पुन्हा पुन्हा सांगत होता.

जीपमधून त्याला यवतमाळला नेलं. माझं माहेर तिथलंच, म्हणून मीही जमनीसोबत गेले आणि तिथेच राहिले. रोज सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायची. जमनी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली असायची, फेटिया, म्हणजे तिचा बंजारी घागरा, पायांभोवती गोळा करून. पाचव्या दिवशी गेले तर डॉक्टर तिच्याशी बोलत होते. पाऊल काळं पडत चाललं होतं, ताप उतरत नव्हता, थावरा बेशुद्धीत बडबडत होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल आणि जीव जाईल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. कागदावर तिचा अंगठा हवा होता.

जमनीनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. थावरानं तिला सगळं सांगितलेलं असावं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "बाई, तुमी पायलेला मानूस कोनता पाय ओढत होता?"

त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगते, माझ्या मनात हे आलं नव्हतं. थावराच्या डोक्यावर मी कधी पागोटं पाहिलं नव्हतं, धोतर पाहिलं नव्हतं. आणि तो तर तेव्हा टिप्परमध्ये बसलेला असायचा, माझ्या डोळ्यांसमोर.

"डावा," मी म्हणाले.

"माह्या घरच्यायचा बी डावाच." मग तिनं विचारलं, "दोनी पाय होते ना त्याले?"

"हो," मी म्हणाले. "दोन्ही होते."

तिनं अंगठा दिला नाही. डॉक्टरांना तिनं काय कारण सांगितलं मला माहीत नाही, मी तिथून दूर झाले होते. डॉक्टर चिडले नाहीत. एक दिवस थांबू, पण जबाबदारी तुझी, असं म्हणाले, आणि त्यांनी स्वतः बसून जखम पुन्हा धुतली, सडलेलं मांस काढलं, पट्टी बांधली.

तो दिवस मी माहेरच्या घरात कसा काढला ते मलाच ठाऊक. माझ्या एका शब्दावर एक माणूस मरणार होता. डॉक्टर शिकलेले होते, त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी कोण? स्वयंपाकघरातून बांध बघणारी बाई. दोनदा चप्पल घालून निघाले, जमनीला सांगायला, की माझ्या बोलण्यावर जाऊ नको, अंगठा दे. दोन्ही वेळा फाटकाशी पोचून परत आले. वडिलांनी काय झालं विचारलं, तर मी डोकं दुखतं म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ताप किंचित उतरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस बघू. मग अजून एक. पाऊल वाचलं. घोटा कायमचा आखडला, बोटं दोन गेली, पण पाय राहिला. डॉक्टर जमनीला म्हणाले की मी चुकलो याचा मला आनंदच आहे. इतका मोकळा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पावसाळा संपल्यावर थावरा काठी टेकत कामावर आला. आखडलेल्या पायानं क्लच दाबता येईना, तेव्हा गाडी सुटली ती सुटलीच. यांनी त्याला बांधाच्या टोकाशी उभं राहायचं काम दिलं. मात्र टिप्परच्या बरोबर मागे नाही, बाजूला, नव्या ड्रायव्हरला दिसेल असं. थावराचा हात वर होईपर्यंत हौदा उचलायचा नाही, आणि आधी त्यानं काठीनं माती दाबून बघायची, असा नवा नियम झाला. मी यांना कधीही असं सुचवलं नव्हतं. हे म्हणाले, मातीचा भरवसा त्याच्याइतका कोणाला कळणार?

पहिल्या दिवशी दुपारी मी भात वाढत होते. टिप्परचा आवाज आला. खिडकीबाहेर पाहिलं तर उतारावरून तो वर येत होता. पांढरं धोतर, कारण घट्ट पँट सुजलेल्या पायावर चढत नव्हती. लाल पागोटं, जमनीनं उन्हासाठी बांधायला लावलेलं. डावा पाय ओढत तो काठाशी गेला आणि उजवा हात वर केला.

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "असाच?" यांनी विचारलं.

"असाच," मी म्हणाले.

हे जेवायला बसले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, पुढची चाळीस वर्षं. बांध पुरा झाला, पुन्हा कुणाला इजा झाली नाही, आमची बदली झाली. थावरा म्हातारा होऊन गेला, नातवंडं खेळवून. जमनी त्याच्यानंतरही बरीच वर्षं होती.

मी काय पाहिलं, ते यांना का दिसलं नाही, मी सांगितलं नसतं तर दार बंद राहून थावरा मेला असता का, की मी सांगितलं म्हणूनच सगळं त्या वाटेनं गेलं... यातल्या कशाचंही उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, यांनाही नाही. आता सांगायला हरकत नाही.

दीड फर्लांगावरून धोतराच्या आतला पाय दिसत नाही. तो माणूस पाय ओढतो एवढंच मला दिसलं होतं. लाकडाचा पाय लावलेला माणूसही तसाच चालतो. जमनीनं विचारलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी 'माहीत नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि तोंडातून 'हो' आलं.