पेमाचं माहेर

शिरूरच्या स्टँडजवळ तुम्हाला स्वेटर कुणी विकला, आठवतंय का? न्हाई आठवायचं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही. मी सांगतीय, नात गल्लीच्या ग्रुपवर लिहितीय.

ती स्वेटरवाली पेमा, तिबेटी बाई, आज आमच्याकडं हळदीकुंकवाला आली. माझ्या सांगण्यावरनं तिबेटचे फोटोही घेऊन आली. ते कुणी धड बघितले न्हाईत. सगळ्या स्वेटरचे भावच विचारत बसल्या.

मग मी रीतीप्रमाणं विचारलं, "माहेर कुठलं गं?"

"तिबेट. पण मैंने देखा नहीं, आजी. माझी आई डोंगर चालून इकडं आली. आता चीनवाले परत जाऊ देत न्हाईत."

शेजारची सुमन म्हणाली, "मग मे महिन्यात जाऊन ये की चार दिवस."

पेमा नुसती हसली. तेच तेच समजावून दमलेली बाई हसते, तशी. आन् मी, माहेरची, खुटबावची एसटी चुकली तरी दिवसभर कुरकुरते.

इतकी वर्षं तिच्याशी घासाघीस केलीत, कधी विचारलंत का, बाई तू कुठली?

परवा ती कर्नाटकातल्या तिच्या तिबेटी वस्तीवर निघालीय. लेकीला आपण रिकामी धाडत न्हाई. उद्या सकाळी माझ्याकडं बाजरीच्या कडक भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी पाठवा. तिखट बेतानं घाला.